काळी मारबत, बांकाबाई आणि साक्षीदार मोजायची पद्धत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही मारबतीवर, म्हणजे नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवून जाळल्या जाणाऱ्या पुतळ्यांवर, लेखमालिका करताय. काळी मारबत म्हणजे बांकाबाई, ती इंग्रजांना फितूर झाली म्हणून तिचा पुतळा मिरवतात आणि जाळतात, हे नागपूरच्या इतवारी भागात लहानपणापासून ऐकत आलात. वाचायला बसल्यावर मात्र इंग्रजांशी भांडणारी बांकाबाईही सापडली. आता नागपूरच्या भोसले घराण्याविषयी आस्था असलेले म्हणतात, बदनामी थांबवा. मारबतवाले म्हणतात, परंपरेला हात लावू नका. तुमचे संपादक म्हणतात, दोन्ही बाजू द्या आणि मोकळे व्हा. अशा वेळी प्रामाणिक मांडणी म्हणजे नेमकं काय करायचं?

आधी संपादकांचं बोलतो. 'दोन्ही बाजू द्या' हा सल्ला दिसायला समजूतदार आहे, पण त्यात खरं काम टाळलेलं असतं. एकीकडे कागद आहे आणि दुसरीकडे नुसता आवाज, अशा वेळी दोघांना सारखे रकाने दिले तर वाचकाला वाटतं की वजन सारखंच आहे. आणि कधी कधी दोन्ही बाजू एकाच कागदावर उभ्या असतात, फक्त एकाला तो भूषण वाटतो आणि दुसऱ्याला कलंक. बांकाबाईच्या बाबतीत हेच झालंय.

माणूस कोण ते आधी पक्कं करून घेऊ. बांकाबाई ही नागपूरचे राजे दुसरे रघूजी भोसले यांची राणी. रघूजी १८१६ मध्ये वारले. फेब्रुवारी १८१७ मध्ये त्यांचे पुत्र परसोजी यांचा खून झाला, चुलतभाऊ अप्पासाहेब गादीवर आले, त्याच वर्षी २६ आणि २७ नोव्हेंबरला सीताबर्डीची लढाई झाली. १८१८ मध्ये इंग्रजांनी अप्पासाहेबांना काढून लहानग्या तिसऱ्या रघूजींना गादीवर बसवलं. बांकाबाई त्यांची पालक झाली, कारभार मात्र रेसिडेंट, म्हणजे दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी, जेंकिन्सच्या हाती. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी औरस मुलाविना वारले आणि १८५४ मध्ये गव्हर्नर-जनरल डलहौसीने राज्य खालसा केलं. १८५७ मध्ये बांकाबाई पंचाहत्तरीच्या घरात होती, १८५८ मध्ये गेली. म्हणजे चाळीस वर्षांहून जास्त काळ ही बाई नागपूरच्या राजकारणात या ना त्या रूपात होती. एवढ्या लांब आयुष्याला एकच विशेषण लावलेलं दिसलं की मी पहिल्यांदा विचारतो, हे कोणत्या वर्षाबद्दल चाललंय? तुम्हीही लोकांना हेच विचारा. काही जण १८१७ सांगतील, काही १८५७, आणि बरेच जण गप्प बसतील.

आता १८५७. १३ जूनच्या रात्री नागपुरात उठाव व्हायचा होता. घोडदळातल्या लोकांचा बेत फुटला आणि काहींना फाशी झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निघालेल्या इंपीरियल गॅझेटियर या सरकारी माहितीकोशात त्यावर एक वाक्य आहे, त्याचा आशय असा: वृद्ध राणी बांकाबाईने आपलं सगळं वजन इंग्रजांच्या बाजूने टाकलं आणि तिच्या उदाहरणामुळे मराठी मुलूख शांत राहिला. हे वाक्य पुढे किती ठिकाणी गेलंय ते पाहून हसू येतं. एका पुस्तकात ते जसंच्या तसं, दुसऱ्यात थोडं तिखट करून, तिसऱ्यात 'असे इतिहासकार सांगतात' म्हणून, आणि चौथ्यात तिसऱ्याचा हवाला देऊन. वाचणाऱ्याला वाटतं, चार पुस्तकांत आहे म्हणजे पक्कंच. साक्षीदार एकच आहे, नकला चार.

माझ्या कामाची पद्धत एवढीच आहे: पुस्तकं मोजायची नाहीत, साक्षीदार मोजायचे. प्रत्येक दाव्याचा माग काढत मागे जायचं. हे कुणी पाहिलं, कधी लिहिलं, कुणासाठी लिहिलं, आणि असं लिहून त्याला काय मिळणार होतं? कागदावर तारीख कुठली आहे, तो मसुदा आहे की रवाना झालेलं पत्र, समासात वरच्या अधिकाऱ्याने काय खरडलंय, हे सगळं बघायचं. आपल्याकडे पुराभिलेखागाराच्या नागपूर शाखेत आणि विदर्भ संशोधन मंडळात बसायची सोय आहे, दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात परराष्ट्र खात्याची दप्तरं आहेत. शोधताना बाका, बांका, बंखा अशी सगळी रूपं लावून बघा. इंग्रज कारकुनाने कानाला येईल तसं लिहिलंय, आणि एकाच नावाने शोधलं तर निम्मे कागद हातचे जातील.

मग त्या वाक्याचा माग काढत गेल्यावर काय दिसतं? मूळ माहिती येते ती तेव्हाच्या इंग्रज अधिकाऱ्यांकडून, म्हणजे कमिशनर प्लाउडन आणि त्यांच्या कचेरीकडून. त्यांना कलकत्त्याला दाखवायचं होतं की नागपूर आमच्या हातात आहे. दुसरं, घराण्यालाही त्या काळी ही नोंद हवीच होती. १८५७ नंतर, तिसऱ्या रघूजींच्या मागे दत्तक आलेल्या जानोजींना 'देऊरचे राजाबहादूर' हा किताब मिळाला, त्यामागे राण्यांच्या निष्ठेचा हवाला होता. म्हणजे ज्या नोंदीमुळे आज घराण्याच्या चाहत्यांना अवघडल्यासारखं होतं, तीच तेव्हा उपयोगाची होती. याचा अर्थ नोंद खोटी, असा होत नाही. लिहिणारा आणि जिच्याविषयी लिहिलं ती, दोघांचाही फायदा एकाच दिशेला होता, एवढंच. अशी साक्ष घेताना मी ती एका साक्षीइतकीच धरतो, तिच्यावर सबंध निकाल उभारत नाही.

परिस्थितीही सांगायला हवी. राज्य गेलेलं, खजिना गेलेला, फौज मोडलेली, खर्च इंग्रजांच्या तनख्यावर, आणि हाकेच्या अंतरावर कामठीच्या छावणीत मद्रासचं सैन्य, जे फिरलं नाही. हे लिहिलं की लोक म्हणतात, तुम्ही तिला सोडवताय. सोडवणं आणि समजावून सांगणं यात फरक आहे, पण तो फरक तुमच्या वाक्यरचनेत दिसला पाहिजे. 'ती बिचारी काय करणार' हे वकिली वाक्य झालं. 'तिच्याकडे सैन्य नव्हतं आणि कामठीत मद्रासी पलटणी होत्या' हे माहितीचं वाक्य आहे. दुसरं लिहा आणि थांबा.

आता तुम्हाला सापडलेली, आवडलेली बांकाबाई. जॉन के या इंग्रज इतिहासकाराने १८५७ वर जो मोठा ग्रंथ लिहिला, त्यात नागपूरचा वाडा लुटल्यासारखा रिकामा केल्याचं वर्णन आहे. हत्ती, घोडे, बैल लिलावात गेले, जडजवाहीर कलकत्त्याच्या बाजारात. आणि त्यात आहे की वाड्यातलं सामान हलवलं तर वाड्याला आग लावीन, अशी धमकी म्हाताऱ्या बांकाबाईने दिली. सामान हलवलं गेलंच. वाचताना अंगावर काटा येतो, मान्य. तुमच्या पत्रावरून दिसतंय की लेखाची सुरुवात तुम्हाला इथूनच करायचीय.

पण थांबा. गॅझेटियरच्या वाक्याला जे प्रश्न विचारले, तेच यालाही विचारा. के त्या दिवशी वाड्यात नव्हता. ग्रंथाचा पहिला खंड निघाला तो घटनेनंतर दशकभराने. आणि त्याचा एक मुद्दा होता: डलहौसीच्या खालसा धोरणाने लोकांची मनं दुखावली, म्हणून बंड पेटलं. त्या मुद्द्याला धमकी देणारी म्हातारी राणी फार शोभून दिसते. तेव्हा हाही एकच साक्षीदार, आणि त्याचाही हेतू आहे. राण्यांनी खालशाविरुद्ध अर्ज-विनंत्या केल्या, याला सरकारी पत्रव्यवहाराचा आधार आहे, ते ठामपणे लिहा. आगीची धमकी मात्र 'के लिहितो' असं म्हणूनच लिहा. नावडत्या कागदावर आपण सगळेच भिंग घेऊन बसतो. आवडता कागद हाती आला की भिंग खाली ठेवून चहा मागवतो. या धंद्यात अप्रामाणिकपणा बहुतेक इथूनच शिरतो, खोटं लिहिण्यातून फार क्वचित.

आणि ज्यांच्या बाजूने एकही कागद नाही, त्यांचं काय? सीताबर्डीच्या किल्ल्यावर नौ गजा अली बाबा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कबरी आहेत. किल्ला सैन्याच्या ताब्यात आहे, वर्षातून मोजक्या दिवशी लोकांसाठी उघडतो, तेव्हा तिथे रांग लागते. नवाब कादर अली आणि त्यांच्या आठ साथीदारांना १८५७ मध्ये फासावर दिलं, त्यांच्या त्या कबरी, असं सांगतात. फाशी गेलेल्यांची बाजू आपल्याला मिळते ती फाशी देणाऱ्यांच्या फायलीतून आणि कबरीवर चादर चढवणाऱ्यांच्या तोंडून. पहिली तारखेने पक्की असते पण वैऱ्याची, दुसरी आपुलकीची पण तिला तारीख नसते. दोन्ही द्या, पण कोणती कुठली ते सांगून. कागद नाही म्हणून माणूसच नव्हता असं धरून चाललात, तर इतिहास फक्त कचेरी असलेल्यांचा होईल.

आता मारबत. वर्तमानपत्रांतून साधारण छापून येतं ते असं की काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते. ही वर्षं धरली तरी बांकाबाईला जाऊन तेव्हा वीसेक वर्षं उलटलेली होती. मेलेल्या बाईचा निषेध एवढ्या उशिरा सुरू व्हावा, याला काही कारण असेलही, पण ते शोधायला हवं. दुसरी गोष्ट तुम्ही एखाद्या पोळ्याला नागपूरबाहेर पडलात तर आपोआप दिसेल. पूर्व विदर्भातल्या कितीतरी गावांत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते, रोगराई, ढेकूण-डास, इडापिडा 'घेऊन जा गे मारबत' म्हणत गावाच्या शिवेबाहेर नेऊन टाकतात. त्या गावांत बांकाबाईचं नावही कुणी घेत नाही. कुणी पूतनेची गोष्ट सांगतं, कुणी काहीच सांगत नाही. तेव्हा प्रथा बांकाबाईमुळे सुरू झाली, हे काही टिकत नाही. नागपुरातल्या काळ्या पुतळ्याला तिचं नाव नंतर जोडलं गेलं का, की तो पुतळा खरंच तिच्यासाठीच उभा राहिला, हा वेगळा आणि जास्त रंजक प्रश्न आहे.

त्याचं उत्तर मिळण्याची एक वाट सांगतो, कष्टाची आहे. नागपूरची जुनी वर्तमानपत्रं घ्या: 'देशसेवक' १९०७ चा, 'हितवाद' १९११ चा, 'महाराष्ट्र' १९१४ चा. यांच्या जितक्या जुन्या फायली मिळतील तितक्या घ्या, आणि दरवर्षीचा फक्त पोळ्यानंतरच्या आठवड्याचा अंक काढा. पिठोरी अमावास्येची, म्हणजे पोळ्याची, तारीख जुन्या पंचांगातून काढून ठेवली की काम भराभर होतं. मारबतीच्या बातमीत बांकाबाईचं नाव पहिल्यांदा कधी येतं, ते बघा. टिळकांच्या किंवा गांधींच्या चळवळीच्या काळात ते अचानक दिसू लागलं, तर एक अर्थ. सुरुवातीपासून असेल तर दुसरा. जुन्या अंकांतल्या कोऱ्या जागाही टिपून ठेवा: अमुक ते अमुक वर्षांचे अंक पाहिले, नाव आढळलं नाही. ही ओळ कुणी कापायला निघालं तर भांडा, कारण पुढच्या माणसाचे सहा महिने त्यात वाचतात.

बडग्या (मारबतीसोबत मिरवले जाणारे, चालू विषयांवर टोमणे मारणारे पुतळे) बनवणाऱ्या, मारबत बांधणाऱ्या घरांतल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलाल तेव्हा 'बांकाबाईची गोष्ट सांगा' असं म्हणून सुरुवात करू नका. तुम्ही नाव घेतलं की ते तुमच्या तोंडचं नाव परत देतील, त्यात त्यांचा दोष नाही. 'ही कुणाची मारबत, तुम्हाला कुणी सांगितलं?' एवढंच विचारा. आजीने सांगितलं की पेपरात वाचलं, हे लिहून घ्या. गेल्या काही वर्षांत टीव्हीवर ऐकलेलं आजोबांच्या नावावर सांगणारेही भेटतात. बोलणं त्यांच्याच भाषेत ठेवा, 'काहून', 'बाप्पा' काढून ते पुणेरी करू नका.

मारबतवाल्यांना तुमची भीती वाटते ती वेगळीच. त्यांना वाटतं, गोष्ट खोटी ठरली की सण खोटा ठरेल. तसं होत नाही, हे त्यांना आधी भेटून सांगा. शहराने सव्वाशे वर्षांहून जास्त काळ दरवर्षी रस्त्यावर येऊन परक्या सत्तेवरचा राग काढला, पुढे बडग्यांतून महागाई नि पुढाऱ्यांवरही काढला, हा इतिहासच आहे, आणि त्याचे साक्षीदार हजारो आहेत. ती मिरवणूक एकोणिसाव्या शतकातल्या एका राणीविषयीचा पुरावा मात्र होत नाही.

साक्षीदार मोजण्याची पद्धत उलट बाजूनेही चालवून बघा, नाहीतर ती फक्त आपल्या सोयीची होते. नागपूरकरांना अवघड जाणारा विषय घ्या: पहिल्या रघूजींच्या बंगालच्या स्वाऱ्या. आपल्याकडे रघूजींचे सेनापती भास्करराम कोल्हटकर यांना बंगालचा नवाब अलीवर्दीखान याने १७४४ मध्ये भेटीला बोलावून दगा केला, हे सगळ्यांना पाठ असतं. १७५१ च्या तहात ओडिशा आणि वर्षाला बारा लाख चौथाई मिळाली, हेही सांगतात. मधल्या वर्षांत बंगालच्या गावांचं काय झालं, ते सांगताना आवाज खाली येतो.

तिथे साक्षीदार बघा किती आणि किती निरनिराळे. गंगाराम नावाच्या कवीचं बंगालीतलं महाराष्ट्रपुराण आहे, त्यात गावं जाळल्याचं, बायकांवरच्या अत्याचारांचं वर्णन आहे. वर्धमानच्या राजाच्या पदरी असलेल्या बाणेश्वर विद्यालंकाराचं संस्कृत काव्य आहे. इंग्रज आणि डच कंपन्यांची पत्रं आहेत. भीतीने कलकत्त्याभोवती खणायला घेतलेला मराठा खंदक आहे. भाषा वेगळ्या, धंदे वेगळे, एकमेकांचं वाचून लिहिण्याचा संभव कमी, आणि तरी मुख्य गोष्टीवर सगळे एकत्र येतात. ही भक्कम साक्ष. बांकाबाईच्या एका वाक्यापेक्षा कितीतरी भक्कम. ज्याला ते वाक्य पुरतं आणि ही सगळी साक्ष पुरत नाही, त्याने आपल्या तराजूकडे बघावं.

पण याच प्रकरणात चार लाख माणसं मारली गेली, असा आकडाही सर्रास फिरतो. त्याचं मूळ आहे डच कंपनीच्या एका अधिकाऱ्याचा अंदाज. कुणी मोजदाद केलेली नव्हती, करणं शक्यही नव्हतं. तेव्हा घटना ठाम लिहायची आणि आकडा 'डच अधिकाऱ्याचा अंदाज' म्हणून लिहायचा. आकडा कच्चा आहे म्हणून घटना कच्ची, असा डाव आपल्याकडचे लोक टाकतात. घटना पक्की म्हणून आकडाही पक्का, असा तिकडचे टाकतात. गंगारामाच्या काव्यात तर पृथ्वीवर पाप वाढलं म्हणून शिव नंदीकरवी शाहूराजांना प्रेरणा देतो. कवी आहे तो, पंचनामा लिहायला बसलेला नाही. तरी जळालेल्या गावांची नावं तो पंचनाम्यासारखी देत जातो, म्हणून इतिहासकार त्याच्याकडे पुन्हा पुन्हा वळतात.

एक लहान उदाहरण अजून, कारण ते तुमच्या वाचकांच्या रोजच्या बोलण्यातलं आहे. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षेसाठी नागपूर का निवडलं? संघ इथे आहे म्हणून, असं अजूनही छातीठोक सांगणारे भेटतात. बाबासाहेबांनी दुसऱ्याच दिवशी, १५ ऑक्टोबरच्या भाषणात, हे कारण स्वतः नाकारलं आणि नागलोकांनी बौद्ध धर्माचा प्रसार केला, त्यांची ही भूमी म्हणून नागपूर, असं सांगितलं. निवडीचं कारण काय, याला त्यांच्या स्वतःच्या शब्दांहून जवळचा साक्षीदार नाही. प्राचीन काळी नागलोकांनी इथे नेमकं काय केलं, हा प्रश्न निराळा. त्याला भंडारा जिल्ह्यातल्या पवनीच्या उत्खननात निघालेल्या स्तूपांसारखा पुरावा लागतो, १९५६ चं भाषण त्याला पुरत नाही. एकच उतारा एका प्रश्नाला उत्तम साक्षीदार आणि दुसऱ्याला साक्षीदारच नाही, असं नेहमी होतं.

घराण्यांकडचे कागद मागायला जाल तेव्हाचं सांगतो. नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या घरी मला रुमालात बांधलेलं दप्तर बघायला मिळालं. मोडीतले हिशेब, इनामाचे वाद, लग्नाच्या याद्या, आणि मध्येच एक अर्ज: पणजोबांच्या आधीच्या कुणीतरी इंग्रजांना खबर दिल्याचं स्वतःच मोठ्या अभिमानाने लिहून तनखा मागितलेला. घरच्या आजी म्हणाल्या, बाकी सगळं छापा, हे नको. कागद त्यांचा होता. मी तो वापरला नाही, पण लेखात एक वाक्य घातलं की या दप्तरातला एक कागद कुटुंबाच्या विनंतीवरून वापरलेला नाही. त्या वाक्यालाही त्यांचा आक्षेप होता. त्यावर मात्र मी ऐकलं नाही, आणि हे दप्तर उघडण्याआधीच सांगून ठेवलं होतं. तुम्हीही अट आधी बोलून घ्या, शक्यतो लेखी. मोडी स्वतः वाचत असलात तरी नाजूक कागद दुसऱ्या जाणकाराकडून वाचून घ्या, आणि तुम्हाला काय सापडेलसं वाटतंय ते त्याला सांगू नका.

आता तुमच्या लेखाचं. 'बांकाबाई फितूर होती' आणि 'बांकाबाई देशभक्त होती' ही दोन्ही वाक्यं काढून टाका, दोन्हींना पुरेल इतका कागद नाही. मी लिहीन ते असं: १८५४ मध्ये राज्य गेलं तेव्हा राण्यांनी विरोध केला. १८५७ मध्ये, इंग्रज अधिकाऱ्यांच्या नोंदींनुसार, बांकाबाईने आपलं वजन त्यांच्या बाजूने टाकलं. या नोंदींचा पुढे अधिकाऱ्यांना आणि घराण्याला दोघांनाही उपयोग झाला. मारबतीशी तिचं नाव छापील साधनांत अमुक वर्षापासून दिसतं. हे विरोधी मुद्दे तळटीपेत ढकलू नका, मुख्य मजकुरातच येऊ द्या. घराण्याच्या आणि मारबत समितीच्या लोकांना छापण्याआधी त्यांच्याविषयीचा भाग वाचायला द्या. चूक दाखवली तर दुरुस्त करा, नाराजी दाखवली तर ती नोंदवा. मजकूर बदलण्याचा हक्क मात्र देऊ नका.

मथळा तुम्ही स्वतः लिहा, संपादकांवर सोडू नका. मजकुरात 'नोंदींनुसार' लिहिलेलं असतं आणि वर मोठ्या अक्षरात 'गद्दार राणीचा पर्दाफाश' येतं, हे मी पाहिलेलं आहे. आणि लेख पोळ्याच्या आठवड्यात टाकायचा त्यांचा आग्रह असेल, वाचक तेव्हा जास्त मिळतात हे खरंच आहे. तरी जुन्या अंकांचं काम तोवर होत नसेल तर यंदा फक्त मारबत बांधणाऱ्यांवर लिहा. बांकाबाई पुढच्या वर्षी.